सुरुवात बिलाच्या काउंटरपासून: दुकानसाखळीतला डेटा-प्रायव्हसी प्रकल्प पहिल्यांदाच हाती आलेल्यांसाठी

रिटेल कंपनीत प्रायव्हसीचं काम कोणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. सीए मीटिंगमध्ये म्हणतात, 'तो डेटाचा नवा कायदा आलाय, काहीतरी करावं लागेल.' मालक टेबलाभोवती नजर फिरवतात आणि ज्याला एक्सेल बऱ्यापैकी येतं त्याच्यावर ती येऊन थांबते. हा लेख त्या माणसासाठी आहे.

डोळ्यांपुढे कंपनी मधल्या आकाराची धरली आहे. नागपुरात सीताबर्डी, सदर, धरमपेठ, मनीषनगर अशी पाच-सहा दुकानं, वर्धा-चंद्रपूर-अमरावतीत आणखी काही, वाडीला गोदाम. धंदा कपड्यांचा किंवा घरगुती उपकरणांचा. आयटीत दोन-तीन माणसं, बिलिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं, आणि वकील लागेल तेव्हा फोनवर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा प्रकल्प पॉलिसीच्या कागदावर पास-नापास होत नाही, बिलाच्या काउंटरवर होतो. बऱ्याच कंपन्या उलट्या टोकाने सुरुवात करतात. लांबलचक पॉलिसी लिहून घेतात, वेबसाइटच्या तळाशी चिकटवतात, आणि काउंटरवरचा मुलगा पहिल्यासारखाच प्रत्येकाचा नंबर घेत राहतो. पॉलिसी लिहायचीच आहे, पण ती शेवटाकडे. आपण काय गोळा करतो हेच माहीत नसताना त्याबद्दल काय लिहिणार?

कायदा किती माहीत हवा

वकील व्हायची गरज नाही, पण चार गोष्टी तोंडपाठ हव्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे डीपीडीपी, मंजूर झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. डेटा प्रोटेक्शन बोर्डाची, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या मंडळाची, तरतूद लगेच लागू झाली. नोटीस, संमती, सुरक्षा, डेटा फुटल्याची सूचना अशा कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना नियमांनी १८ महिने दिले, म्हणजे मे २०२७.

या कायद्याच्या भाषेत आपली कंपनी डेटा फिड्युशियरी, ग्राहक डेटा प्रिन्सिपल, आणि आपल्या वतीने डेटा हाताळणारी बाहेरची कंपनी डेटा प्रोसेसर. लक्षात ठेवायचं ते हे की प्रोसेसरच्या हातून चूक झाली तरी जाब आपल्याला विचारला जातो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, डेटा फुटल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. मालकांना हे आकडे सांगा, पण 'पर्यंत' हा शब्द गाळू नका. घाबरवून मिळवलेलं बजेट दोन महिन्यांत आटतं.

कायदा डिजिटल डेटाला लागू आहे. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेला डेटाही त्यात आला. लकी ड्रॉची कुपनं ज्या दिवशी कोणी एक्सेलमध्ये टाइप केली, त्या दिवसापासून ती या कायद्यात आली.

पायरी पहिली: कॅलेंडर काढा

कुठल्याही प्रकल्प-व्यवस्थापनाच्या वर्गात 'स्कोप आधी' असं शिकवतील. रिटेलमध्ये कॅलेंडर आधी. पोळा झाला की बाजार हलायला लागतो, गणपतीपासून दिवाळीपर्यंत कोणताही स्टोअर मॅनेजर तुमचा फोन उचलणार नाही आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कोणी हात लावू देणार नाही. त्यात गैर काही नाही, वर्षाचा मोठा गल्ला त्या आठवड्यांत जमतो. पुढे लग्नसराई, मार्चअखेर, मग उन्हाळा. उपकरणांचा धंदा असेल तर नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये कूलर आणि एसीच्या गिऱ्हाइकीपुढे बाकी सगळं गौण.

हे आठवडे वजा केले की अठरा महिन्यांतले कामाचे महिने निम्म्याच्या आसपास उरतात. त्यात बसेल तेवढंच काम लिहा. पॉसमध्ये, म्हणजे काउंटरवरच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, बदल करायचे असतील तर ते पोळ्याआधी चालू झाले पाहिजेत, नाहीतर सरळ दिवाळीनंतर. 'दसऱ्याला एक छोटासा अपडेट टाकू' असं आयटीवाला म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

पायरी दुसरी: एका पानावर सही

तुमच्या हाताखाली कोणी नाही. मार्केटिंग तुमचं ऐकत नाही, ऑपरेशन्स ऐकत नाही, एचआरला वाटतं हे आयटीचं काम, आयटीला वाटतं वकिलाचं. म्हणून सुरुवातीलाच एक पान लिहा आणि मालकांची किंवा संचालकांची सही घ्या. त्यात चारच गोष्टी असाव्यात: काय करायचं, कधीपर्यंत, प्रत्येक विभागातून कोणतं एक नाव, आणि दोन विभागांत वाद झाला तर अंतिम शब्द कोणाचा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मार्केटिंग म्हणेल ग्राहकाच्या मुलांच्या वाढदिवसांची यादी हवी, तुम्ही म्हणाल नको. त्या वेळी हे पान काढायचं.

विभागातून नाव घेताना प्रमुखाचं घेऊ नका. त्याच्या हाताखालचा, ज्याला फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे ठाऊक असतं, तो माणूस घ्या.

पायरी तिसरी: दुकानात जाऊन बसा

हीच पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते निम्मा प्रकल्प इथेच आहे. शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या दुकानात काउंटरच्या मागे दोन तास उभे राहा. काही बोलू नका, नुसतं ऐका.

'भाऊ, नंबर सांगा.'

'नंबर कायले पाहिजे?'

'सिस्टम घेत नाही जी नंबराशिवाय.'

हे वाक्य कानावर पडलं की पॉसचा स्क्रीन बघा. मोबाईलचा रकाना खरंच बंधनकारक आहे का? असेल तर तो कोणी केला? बऱ्याचदा उत्तर मिळतं की सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून तसंच आहे. ग्राहकव्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच रिटेल क्षेत्राला सूचना दिली होती की नंबर दिल्याशिवाय माल किंवा सेवा न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे हा रकाना ऐच्छिक करायला मे २०२७ ची वाट पाहण्याचं कारणच नाही.

मग ग्राहकांचा तक्ता उघडा आणि एकेका नंबरावर किती बिलं झाली ते वरून खाली लावा. सगळ्यात वर बहुधा ९९९९९९९९९९ असतं. त्याखाली एखाद्या कॅशियरचा स्वतःचा नंबर, कारण ग्राहक नाही म्हणाला की रांग थांबवण्यापेक्षा तो आपलाच टाकतो. मार्केटिंग ज्याला 'आपला सर्वोत्तम ग्राहक' समजून कुपनं पाठवत असतं, तो प्रत्यक्षात धरमपेठच्या दुकानातला दुपारच्या पाळीचा मुलगा निघतो. हा तक्ता मालकांना दाखवा. सक्तीने गोळा केलेला डेटा धंद्यालाही कुचकामाचा असतो, हे कुठल्याही कलमापेक्षा त्यांना यावरून चटकन पटतं.

आणखी एक बघा: ओटीपी. काही दुकानांत कॅशियर म्हणतो, 'ओटीपी आला असेल, सांगा.' ग्राहक समजतो बिलासाठी आहे, आणि आत मात्र त्याची नोंद 'ऑफर पाठवायला संमती' अशी होते. ओटीपीने नंबर खरा आहे एवढंच कळतं. संमती मोकळेपणाने, नेमक्या हेतूसाठी, माहिती देऊन, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी असं कायदा म्हणतो. या कसोटीवर असा ओटीपी टिकत नाही.

पायरी चौथी: डेटाची नोंदवही

महागडं सॉफ्टवेअर विकणारे येतील. पहिल्या वर्षी घेऊ नका, एक्सेल पुरेसं आहे. रकाने असे: कोणता डेटा, कोणाचा, कुठे घेतो, कशासाठी, कुठे साठतो, कोण बघू शकतं, बाहेर कोणाला जातो, किती दिवस ठेवतो. शेवटचा रकाना पहिल्या फेरीत रिकामाच राहील. राहू द्या, पण लपवू नका.

पॉस, लॉयल्टी, वेबसाइट, पगारपत्रक हे सगळ्यांना आठवतं. नोंदवहीचा कस लागतो तो न आठवणाऱ्या जागांवर. काही मी सांगतो, बाकी तुम्हाला दुकानात सापडतील.

अल्टरेशनची चिठ्ठी घ्या. पँटची लांबी कमी करायची आहे. चिठ्ठीवर नाव, मोबाईल, माप. चिठ्ठी कागदी आहे म्हणून कायद्याबाहेर, असं वाटतं. पण दुकानातला पोरगा तिचा फोटो काढून बाहेरच्या टेलरला व्हॉट्सॲपवर पाठवतो. झालं, डिजिटल. तो फोटो आता तीन जागी आहे: पोराच्या फोनच्या गॅलरीत, टेलरच्या फोनमध्ये, आणि दोघांच्या बॅकअपमध्ये. पोरगा दिवाळीनंतर नोकरी सोडून जातो, फोटो त्याच्याबरोबर जातात.

होम डिलिव्हरीचा ग्रुप त्याच जातीचा. 'फ्रीज, ३०० लिटर, दुसरा माळा, लिफ्ट नाही, मॅडम चारनंतर घरी एकट्या असतात.' असं वाक्य ग्रुपवर पडतं आणि ग्रुपमध्ये गोदामापासून टेम्पोवाल्यापर्यंत वीस जण असतात. यात कायद्याचं कलम शोधत बसू नका, साध्या समजुतीने बघा.

उपकरणांच्या दुकानात हप्त्यावर माल देणाऱ्या फायनान्स कंपनीचं टेबल असतं. त्यांच्या प्रतिनिधीने ग्राहकाकडून घेतलेली आधार-पॅनची चित्रं ही त्या कंपनीची जबाबदारी. पण स्कॅनर आपला असेल आणि आपल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर २' मध्ये शेकडो आधार कार्डं पडून असतील, तर ती आपल्या घरातली झाली. हे फोल्डर प्रत्येक दुकानात शोधा.

सीसीटीव्हीचं चित्रण, मुलाखतीला आलेल्यांचे बायोडेटा, हजेरीच्या मशीनमधले अंगठे, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे कागद, हे सगळं नोंदवहीत येतं. नोकरीच्या कामापुरता कर्मचाऱ्यांचा डेटा वापरायला कायद्यात वेगळी मुभा आहे, त्यामुळे तिथे संमतीचे फॉर्म भरून घेत बसू नका. सीसीटीव्हीबद्दल मात्र एक पक्का नियम करा. चोरी झाली तर चित्रण पोलिसांना द्यायचं, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचं नाही. निरपराध माणसाचा चेहरा 'चोर' म्हणून फिरला की मग कोणताच खुलासा उपयोगी पडत नाही.

पायरी पाचवी: प्रत्येक ओळीला 'कशासाठी' विचारा

नोंदवही भरली की ती तीन ढिगांत वाटा.

पहिला ढीग: कायद्यानेच ठेवावं लागतं ते. जीएसटीची हिशेबवही आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. ग्राहक 'माझं सगळं पुसा' म्हणाला तरी बिलाची नोंद पुसता येत नाही. मार्केटिंगच्या यादीतून त्याचा नंबर मात्र काढता येतो, आणि काढावाच लागतो. हे दोन तक्ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे आहेत का, हे आजच विचारा. नसतील तर हाच तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात खर्चिक बदल ठरणार.

दुसरा ढीग: ग्राहकाने स्वतःहून ज्या कामासाठी दिलं त्यापुरतं. कायद्यातच याचं उदाहरण आहे. एक जण औषधाच्या दुकानात खरेदी करतो, स्वतःहून आपली माहिती देतो आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाईलवर पाठवा म्हणतो. दुकानदार त्या पोचेसाठी ती माहिती वापरू शकतो. आपला बिलाचा एसएमएस, डिलिव्हरीचा पत्ता, वॉरंटीची नोंद या ढिगात बसतात. त्याच नंबरावर आठवडाभराने 'सेल सुरू झाला' पाठवला की तो तिसऱ्या ढिगात गेला.

तिसरा ढीग: संमती लागतेच असा. ऑफर, वाढदिवसाचं कुपन, खरेदीच्या सवयींवरून केलेली वर्गवारी. इथे मार्केटिंगवाले एक मुद्दा हमखास काढतात: 'आपलं डीएलटीवर हेडर आणि टेम्प्लेट नोंदवलेलं आहे.' ती ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांखालची वेगळी व्यवस्था आहे: तिथे मेसेज पाठवणाऱ्याचं नाव (हेडर) आणि मेसेजचा मसुदा (टेम्प्लेट) नोंदवतात. टेम्प्लेट मंजूर आहे म्हणजे समोरच्याने हो म्हटलं असं होत नाही.

आणि ज्या ओळीला 'कशासाठी' याचं उत्तरच मिळत नाही ती कापा. लग्नाचा वाढदिवस, व्यवसाय, घरात किती माणसं. जो डेटा घेतलाच नाही तो चोरीला जात नाही आणि सांभाळायला पैसाही लागत नाही. मुलांच्या बाबतीत तर अजिबात मोह नको. कायद्याने १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, त्याच्या डेटासाठी पालकाची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती करता येत नाहीत. मुलांच्या कपड्यांचं 'बर्थडे क्लब' चालवत असाल तर मुलाचं नाव नि जन्मतारीख सोडून द्या, आईवडिलांच्या नंबरावर कुपन द्या. विक्रीत काडीचा फरक पडत नाही.

पायरी सहावी: नोटीस, माणसाच्या भाषेत

नोटिशीत कोणता डेटा, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, हक्क कसे वापरायचे आणि बोर्डाकडे तक्रार कशी करायची हे स्पष्ट हवं. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यायचा असतो. नागपूरच्या दुकानात मराठी आणि हिंदी दोन्ही डोळ्यांसमोर हव्यात, बाकी क्यूआर कोडमागे. वकिलाकडून आलेला मसुदा तसाच छापू नका. काउंटरवरची छोटी पाटी अशी चालेल:

'मोबाईल नंबर देणं ऐच्छिक आहे. दिलात तर बिल एसएमएसवर पाठवू. ऑफरचे मेसेज हवे असतील तरच वेगळं "हो" सांगा. नको झाले की बिलावरच्या नंबराला "बंद" एवढंच पाठवा. पूर्ण माहिती आणि तक्रारीसाठी कोड स्कॅन करा.'

संमती देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं, ही कायद्याची अट आहे. देताना एक शब्द आणि काढताना हेड ऑफिसला ई-मेल, हे चालणार नाही.

जुन्या ग्राहकांचं काय? ज्यांनी आधी संमती दिली होती त्यांना कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर नोटीस पाठवायची, आणि ते नाही म्हणेपर्यंत वापर चालू ठेवता येतो. पण मेख 'दिली होती' मध्ये आहे. वरच्या ओटीपीच्या युक्तीने किंवा 'सिस्टम घेत नाही' म्हणून घेतलेले नंबर यात मोडतात असं छातीठोक कोण सांगेल? माझा सल्ला असा की गेल्या दोन-तीन वर्षांत खरेदीच न केलेले नंबर काढून टाका, उरलेल्यांना नव्याने विचारा. यादी लहान होईल, मार्केटिंग कुरकुरेल. त्यांना ९९९९९९९९९९ चा तक्ता पुन्हा दाखवा.

पायरी सातवी: बाहेरच्या कंपन्या

यादी काढलीत की ती वाटलं त्यापेक्षा लांब निघते. बिलिंग सॉफ्टवेअर, लॉयल्टी, एसएमएस पाठवणारे, कुरिअर, सीसीटीव्हीची देखभाल करणारे, पगार काढणारे. प्रोसेसरला काम द्यायचं तर वैध करार हवाच, असं कायदा सांगतो. करारात निदान एवढं हवं: दिलेल्या कामाबाहेर वापर नाही, सुरक्षेचे उपाय, डेटा फुटला तर किती तासांत कळवणार, काम संपलं की पुसल्याची लेखी पोच, आणि पुढे कोणाला पोटकंत्राट दिलं तर आधी विचारणं. मोठी सॉफ्टवेअर कंपनी आपला करार बदलणार नाही, तिचाच वाचून घ्या. स्थानिक एसएमएसवाला लगेच सही करेल. पण त्याच्याकडे डेटा जातो कसा, ते बघा. मार्केटिंगची मुलगी त्याला पूर्ण ग्राहकयादीचं एक्सेल व्हॉट्सॲपवर टाकत असेल, तर करार फाइलमध्ये राहतो आणि यादी त्याच्या फोनमध्ये.

पायरी आठवी: कुलूपं

इथे थोडक्यात आटपतो, कारण आयटीचे लोक हे तुमच्याहून चांगलं जाणतात, त्यांना फक्त वेळ आणि पाठिंबा हवा असतो. नियमांत एन्क्रिप्शन किंवा मास्किंगसारखे उपाय, प्रवेशावर नियंत्रण, लॉग (कोणी कधी काय उघडलं याची नोंद) आणि बॅकअप यांचा उल्लेख आहे, लॉग किमान एक वर्ष ठेवायचे आहेत. दुकानाच्या पातळीवर खरा प्रश्न एकच असतो: सगळे कॅशियर एकाच लॉगिनने बसतात, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, आणि ग्राहकयादी डाउनलोड करण्याची सोय दोन माणसांपुरती ठेवा. कार्ड क्रमांक साठवू नका, रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते साठवता येतच नाहीत. जुन्या फोन ऑर्डरच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये राहिले असतील तर नष्ट करा.

पायरी नववी: डेटा फुटला तर

फुटणं म्हणजे हॅकरच असं नाही. स्टोअर मॅनेजरचा फोन बसमध्ये हरवणं, ग्राहकयादी चुकीच्या ई-मेलला जाणं, हेही त्यात येतं. कळताक्षणी विनाविलंब बोर्डाला आणि ज्यांचा डेटा गेला त्या प्रत्येकाला सांगायचं, आणि बोर्डाला ७२ तासांच्या आत तपशीलवार माहिती द्यायची. त्याखेरीज सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. ही दोन घड्याळं वेगवेगळी आहेत, आणि सहा तासांचं आधी संपतं.

म्हणून एक सराव करा. कोणाला न सांगता, एखाद्या रविवारी दुपारी चंद्रपूरच्या मॅनेजरला फोन करून म्हणा, 'समजा तुमचा दुकानाचा फोन चोरीला गेला. आता कोणाला सांगाल?' तो म्हणेल, 'साहेबांना.' कोणत्या साहेबांना? त्यांचा फोन लागला नाही तर? हे प्रश्न विचारताच तुमची यादी तयार होते: एक मुख्य माणूस, एक बदली, आयटीचा एक, वकील, आणि ग्राहकांना पाठवायचा मेसेज आधीच मराठी-हिंदीत लिहून ठेवलेला. मॅनेजरने लगेच सांगितलं तर त्याला रागावायचं नाही, हे मालकांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. रागाच्या भीतीने दडवलेला एक दिवस ७२ तासांतला एक तृतीयांश खातो.

पायरी दहावी: 'माझा नंबर काढा'

ग्राहक हे हेड ऑफिसला लिहून सांगत नाही. तो काउंटरवर सांगतो, गुगलच्या रिव्ह्यूत लिहितो, डिलिव्हरीच्या मुलाला सांगतो. सगळ्या वाटा एका जागी याव्यात म्हणून एक साधा नंबर किंवा ई-मेल ठरवा, आणि प्रश्नांना उत्तर देणाऱ्या माणसाचा संपर्क वेबसाइटवर ठळक द्या. तो नियमच आहे. तक्रारीला उत्तर द्यायची मुदत ९० दिवसांच्या आतली ठेवायची असते. तुम्ही आपल्यापुरते दहा दिवस ठरवा. ग्राहकाला बोर्डाकडे जाण्याआधी तुमच्याकडे यावं लागतं, म्हणजे तक्रार दारातच मिटवण्याची संधी कायद्यानेच तुम्हाला दिली आहे.

पुसण्याआधी समोरचा तोच आहे याची खात्री करा, पण त्यासाठी आधार मागू नका. डेटा कमी करायला निघालो आणि नवाच गोळा केला, असं होतं. त्याच नंबरावरून आलेला मेसेज पुरतो.

शिकवणं, आणि दर पंधरवड्याचा अहवाल

कॅशियरना दोन तासांचं प्रेझेंटेशन दाखवू नका. दुकान उघडण्याआधी पंधरा मिनिटं, काउंटरजवळ उभं राहून, ज्या बोलीत ते बोलतात तिच्यात. तीनच वाक्यं पाठ करून घ्या: नंबर ऐच्छिक आहे, ऑफरसाठी वेगळं विचारा, कोणी नाही म्हणालं तर बिल तसंच करा. चौथं वाक्य मॅनेजरसाठी: ग्राहकांच्या नंबरांचं टार्गेट कॅशियरला द्यायचं नाही. दर शंभर बिलांमागे ऐंशी नंबर हवेत असं टार्गेट आणि त्यावर इन्सेंटिव्ह असेल, तर तुमची पाटी कोणी वाचणार नाही. इन्सेंटिव्ह बदलणं हे एचआर आणि ऑपरेशन्सचं काम, पण ते करून घेणं तुमचं.

मालकांना पंधरवड्याला एक पान द्या. किती टक्के काम झालं हे नको, त्यातून काहीच कळत नाही. किती दुकानांत रकाना ऐच्छिक झाला, किती करार सही होऊन आले, कोणत्या एका निर्णयासाठी काम अडलं आहे, एवढंच. अडलेला निर्णय सगळ्यात वर, ठळक.

प्रकल्प बंद करताना नोंदवही कोणाच्या ताब्यात हे नावानिशी ठरवा, पदानिशी नको. आणि नवीन दुकान उघडताना ऑपरेशन्सकडे जी यादी असते, अग्निशामक सिलिंडर, दुकान नोंदणीचा कागद, मराठी पाटी वगैरे, तिच्यात आणखी चार ओळी घालून घ्या: काउंटरवरची नोटीस लागली, प्रत्येक कॅशियरचं वेगळं लॉगिन झालं, डीव्हीआरचा (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) मूळ पासवर्ड बदलला, मोबाईलचा रकाना ऐच्छिक आहे हे एक बिल करून तपासलं.